चाकामागील चकती

मोटारीच्या मूळ चाकांच्या जागीं बाजारांतील निराळीं, रुंद व झगझगीत चाकें बसविण्याची हौस अलीकडे आपल्या शहरांत बरीच वाढली आहे. अशीं चाकें बसविल्यावर पुष्कळदां असें आढळून येतें कीं, नवें चाक एक तर आंतील बाजूस कोठें तरी घासतें, किंवा मडगार्डाखालीं इतकें दडून राहतें कीं, ज्या शोभेसाठीं एवढा खर्च केला ती शोभाच दिसत नाहीं. या दोन्ही अडचणींवर दुकानांत एकच उपाय सुचविण्यांत येतो. चाक व तें ज्यावर बसतें तो भाग यांच्यामध्यें धातूची एक चकती घालावयाची, म्हणजे चकतीच्या जाडीइतकें चाक बाहेर सरकतें. या चकतीस स्पेसर असें म्हणतात.

ही चकती दिसावयास अगदीं साधी. त्यामुळें ती घेतांना "चाक किती बाहेर यावयास पाहिजे?" एवढाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचें उत्तरहि डोळ्यांच्या अंदाजानें दिलें जातें. परंतु गाडीचा व तींत बसणाऱ्या सर्व माणसांचा भार, ब्रेक दाबल्यावर येणारा ताण आणि वळणावर चाकास बसणारा बाजूचा रेटा हीं सर्व या चकतींतूनच जातात. म्हणून तिची गणना शोभेच्या वस्तूंत न करतां गाडीच्या भारवाही भागांत केली पाहिजे. ती कशी निवडावी, आणि केव्हां मुळींच घेऊं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्याला लागणारें गणित बेरीज, वजाबाकी व साधा भागाकार यांपलीकडचें नाहीं.

चाक कशानें धरलें जातें?

बैलगाडीचें चाक व मोटारीचें चाक यांत एक मोठा भेद आहे. बैलगाडीचा आंस स्थिर असतो, चाकाचा तुंबा त्याच्याभोंवतीं मोकळा फिरतो, आणि चाक निसटूं नये म्हणून आंसाच्या टोकाशीं खीळ असते. मोटारीचें चाक असें मोकळें नसतें. तुंब्याच्या जागीं असलेल्या फिरत्या लोखंडी भागास हब म्हणतात. या हबवर चाक चार, पांच किंवा सहा बोल्टांनीं घट्ट आवळलेलें असतें, व तीं दोन्हीं एकजीव होऊन फिरतात.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, गाडीचा भार हे बोल्ट खुंटीप्रमाणें तोलून धरतात. तसें नाहीं. बोल्टांचें खरें काम चाकाला हबवर दाबून धरण्याचें आहे. त्या दाबामुळें दोन पृष्ठभागांत जें घर्षण उत्पन्न होतें तेंच मुख्यतः चाकाला जागेवर ठेवतें. हें विद्यार्थ्यांस घरीं सहज पाहतां येईल. पांचसहा पुस्तकें उभीं धरून दोन्ही तळव्यांनीं दोन बाजूंनीं दाबावीं व उचलावीं. मधल्या पुस्तकांस खालून कांहींहि आधार नसतां तीं पडत नाहींत. आतां दोन पुस्तकांमध्यें तेल लावलेला कागद घालावा, किंवा हात किंचित् सैल करावे. पुस्तकें तत्काळ खालीं घसरतील. चकती घालणें म्हणजे या ओळींत आणखी एक पुस्तक घालणें होय. जेथें एकच सांधा होता तेथें आतां दोन झाले. ते दोन्ही स्वच्छ, सपाट व पुरेसे दाबलेले असतील तर भय नाहीं. त्यांतील एक जरी कच्चा राहिला तरी चाक किंचित् हलूं लागतें, बोल्टांवर वांकविणारा ताण पडतो, ते ढिले होतात, आणि शेवटीं तुटतात.

हा ताण किती वेळां येतो याचाहि हिशेब करून पाहावा. १८५/६० आर १५ या मापाच्या टायराचा व्यास सुमारें ६०३ मिलिमीटर व परीघ सुमारें १.९ मीटर असतो. म्हणजे एका किलोमीटरांत चाक सुमारें ५२८ वेळां फिरतें, आणि पुण्याहून साताऱ्यास जाईपर्यंत, म्हणजे सुमारें ११० किलोमीटरांत, त्याचे अठ्ठावन्न हजारांवर फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक बोल्टावरील ताण एकदां वाढतो व एकदां कमी होतो. दुकानासमोर दोन मिनिटें गाडी फिरवून कांहीं दोष दिसला नाहीं, एवढ्यावर निर्धास्त राहणें कां योग्य नाहीं, हें यावरून कळेल.

पहिला आंकडा : ऑफसेट

आतां एक उदाहरण डोळ्यांपुढें ठेवूं. पुण्याजवळ चाकण येथें २००९ सालीं सुरू झालेल्या कारखान्यांत फोक्सवॅगन कंपनीची पोलो ही गाडी २०२२ सालापर्यंत तयार होत असे. आपल्या रस्त्यांवर ती अद्याप पुष्कळ दिसते, आणि तिच्या मालकांत निराळीं चाकें बसविण्याची हौसहि मोठी आहे. तिच्या हबवर चाक पांच बोल्टांनीं बसतें. त्या पांच छिद्रांचे मध्यबिंदु ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर आहे. हबच्या मध्यावर जो गोल ओठ पुढें आलेला असतो त्याचा व्यास ५७.१ मिलिमीटर. बोल्टाची जाडी १४ मिलिमीटर असून दोन आट्यांमधील अंतर दीड मिलिमीटर आहे.

चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावरून जाणारी एक उभी पातळी मनांत कल्पावी. हबला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग या पातळीपासून जितका बाहेरील बाजूस असेल, तितका त्या चाकाचा ऑफसेट समजतात. चाकाच्या अंगावर "ईटी ४०" असें उमटविलेलें असलें, तर ऑफसेट ४० मिलिमीटर आहे असा त्याचा अर्थ. हा आंकडा जितका मोठा, तितकें चाक गाडीच्या आंत शिरतें. जितका लहान, तितकें तें बाहेर येतें. चकतीची जाडी या आंकड्यांतून वजा होते.

समजा, मूळ चाक ६ इंच रुंद असून त्याचा ऑफसेट ४० आहे, आणि नवें चाक ७ इंच रुंद असून त्याचा ऑफसेट ४५ आहे. सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, त्याचें अर्ध ७६.२. म्हणून हबच्या पृष्ठभागापासून मूळ चाकाचा बाहेरील कांठ ७६.२ वजा ४०, म्हणजे ३६.२ मिलिमीटरांवर येतो, व आंतील कांठ ७६.२ अधिक ४०, म्हणजे ११६.२ मिलिमीटरांवर येतो. सात इंचांचें अर्ध ८८.९. म्हणून नव्या चाकाचा बाहेरील कांठ ४३.९ वर व आंतील कांठ १३३.९ वर येतो. याचा अर्थ असा कीं, नवें चाक बाहेर केवळ ७.७ मिलिमीटर वाढलें, परंतु आंत १७.७ मिलिमीटर शिरलें. मूळ चाक व आंतील शॉकअॅब्सॉर्बर यांच्यामध्यें १८ मिलिमीटर जागा मोकळी होती असें धरलें, तर आतां जेमतेम ०.३ मिलिमीटर उरली. असें चाक पहिल्याच खड्ड्यांत घासेल.

येथें ५ मिलिमीटरांची चकती घातली तर ऑफसेट ४५ वजा ५, म्हणजे पुन्हां मूळचाच ४० होतो. चाकाचा मध्य पूर्वीच्या ठिकाणीं येतो, आणि वाढलेली रुंदी दोहों बाजूंस सारखी, १२.७ मिलिमीटर, वांटली जाते. आंत ५.३ मिलिमीटर जागा मोकळी राहते. या उदाहरणांत चकतीची खरी गरज ५ मिलिमीटर आहे, आणि ती गणितानें ठरली आहे. चाक मडगार्डाच्या कांठाशीं आणावयाचें म्हणून कोणी २० मिलिमीटरांची चकती पुढें केली, तर चाक मूळ जागेच्या २७.७ मिलिमीटर बाहेर येईल. तीस गरजेची चकती म्हणतां येणार नाहीं.

कागदावरील हिशेब झाल्यावर प्रत्यक्ष मोजमापहि केलें पाहिजे. नवा टायर रुंद असल्यास त्याचा फुगवटा वेगळा धरावा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत वळवून, आणि गाडींत पांच माणसें बसवून, टायर कोठेंहि टेकत नाहीं ना तें पाहावें. रिकामी व सरळ उभी गाडी पाहून केलेला निर्णय पावसाळ्यांतील खड्ड्यांत खोटा ठरतो.

दुसरा आंकडा : मध्यछिद्र

चाकाच्या मध्यावर जें मोठें छिद्र असतें, तें हबच्या ओठावर नेमकें बसलें म्हणजे चाक आपोआप केंद्रांत येतें. बाजारांतील पुष्कळ चाकांचें हें छिद्र अनेक गाड्यांस चालावें म्हणून मोठें, बहुधा ७३.१ मिलिमीटरांचें, ठेवलेलें असतें. तें पोलोच्या ५७.१ च्या ओठावर अर्थातच सैल बसतें. मधील पोकळी भरून काढण्यासाठीं एक पातळ कडें मिळतें, तें बरोबर मापाचें घ्यावें.

चकती घातली कीं, हा प्रश्न अधिक नाजूक होतो. चकतीच्या जाडीइतका ओठ तिच्यांत बुडतो, आणि चाकाला धरावयास त्याचा थोडाच भाग उरतो. चकती फार पातळ असेल तर उरलेला ओठ पुरतो. ती जाड असेल तर ओठ पूर्णपणें झांकला जातो, व चाक केवळ बोल्टांच्या भरंवशावर केंद्रांत राहतें. अशा वेळीं चकतीच्या बाहेरील अंगास तिचा स्वतःचा ओठ असलाच पाहिजे, व तिचें आंतील छिद्र हबवर घट्ट बसलें पाहिजे. चाक केंद्रांत नसलें म्हणजे वेग वाढतांच स्टिअरिंग थरथरूं लागतें. पुष्कळदां टायरवाल्याकडे वारंवार तोल साधूनहि ही थरथर जात नाहीं, त्याचें मूळ येथें असतें.

तिसरा आंकडा : आटे

बोल्टाचे आटे हबमध्यें निदान बोल्टाच्या जाडीइतके खोल गेले पाहिजेत, असा साधा नियम आहे. पोलोच्या बोल्टाची जाडी १४ व आट्यांचें अंतर दीड मिलिमीटर. म्हणून १४ भागिले १.५, म्हणजे नऊ पूर्ण फेरे व वर थोडें, इतका तो आंत फिरला पाहिजे. मूळचाच बोल्ट ठेवून १० मिलिमीटरांची चकती घातली, तर जवळजवळ पावणेसात फेरे कमी होतात. चाक घट्ट बसल्यासारखें वाटतें खरें, परंतु तें दोनचार आट्यांवर लोंबकळत असतें. म्हणून चकतीच्या जाडीइतका अधिक लांब बोल्ट घेणें अवश्य आहे. तो गरजेपेक्षां लांब असणेंहि घातक. कारण त्याचें टोक हबच्या पाठीमागें निघून ब्रेकच्या भागांस घासूं शकतें. बोल्ट आवळल्यावर, गाडी जॅकवर असतांनाच, चाक हातानें पूर्ण फिरवून पाहावें.

मारुती, ह्युंदाई इत्यादि ज्या गाड्यांच्या हबमध्यें आट्यांच्या दांड्या कायमच्या ठोकलेल्या असून त्यांवर नट बसतो, त्यांनाहि हाच नियम लागू पडतो. १२ मिलिमीटरांच्या दांडीचे आटे दीड मिलिमीटरांवर असल्यास नटाचे निदान आठ, व सव्वा मिलिमीटरांवर असल्यास दहा फेरे झाले पाहिजेत. नट हातानें लावतांना हे फेरे कोणालाहि मोजतां येतात. ते कमी भरले तर लांब दांड्या बसवाव्या, नाहीं तर ती चकती परत करावी.

बोल्टाच्या मानेचा आकारहि पाहण्यासारखा आहे. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टाची मान चेंडूसारखी गोलाकार असते. बाजारांतील बहुतेक चाकांस मात्र निमुळत्या, शंकूच्या आकाराच्या मानेचा बोल्ट लागतो. गोल मान शंकूच्या खळग्यांत बसविली तर ती केवळ एका बारीक रेषेवर टेकते. असा बोल्ट कितीहि आवळला तरी टिकत नाहीं.

चकती कशाची व कशी असावी?

जाड चकतींत आणखी एक प्रकार आढळतो. ती स्वतः आपल्या बोल्टांनीं हबवर आवळली जाते, आणि मग चाक त्या चकतीवर दुसऱ्या बोल्टांनीं बसतें. हा प्रकार साधारणपणें २० मिलिमीटर व त्यापुढील जाडींतच शक्य होतो. कारण पहिल्या बोल्टांचीं डोकीं चकतीच्या जाडींत बुडालीं पाहिजेत. तीं तिळभर जरी वर राहिलीं तरी चाक सपाट टेकत नाहीं.

धातूविषयीं म्हणावयाचें तर, ठिसूळ ओतीव चकतीपेक्षां घडीव अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, लेथवर दोन्ही अंगांनीं कांतलेली चकती घ्यावी. तिच्यावर तयार करणाराचें नांव, जाडी व छिद्रांचीं मापें उमटविलेलीं असावीं. सर्व गाड्यांस चालावी म्हणून जिला अनेक लांबट खांचा पाडलेल्या असतात ती घेऊं नये. तिच्यांत चाकाला टेकावयास सपाट जागा थोडी उरते व केंद्र धरावयास कांहींच नसतें. दोन चकत्या एकावर एक ठेवणें, किंवा बोल्टागणिक वायसर घालून चाक बाहेर काढणें, हें कोणत्याहि सबबीवर करूं नये.

बसवितांना

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशानें घासून गंज पूर्णपणें काढावा. कोंकणांतील खाऱ्या हवेंत व पावसांत हा गंज लवकर धरतो, आणि लोखंड व अॅल्युमिनियम एकमेकांस चिकटून चकती पुढें निघेनाशी होते; म्हणून प्रतिवर्षीं पावसाळा संपल्यावर ती काढून पाहावी. टेकणाऱ्या पृष्ठभागांवर रंग वा ग्रीस असूं नये. आट्यांनाहि तेल लावूं नये. पांच बोल्ट असतील तर एक सोडून एक या क्रमानें, तारा काढल्याप्रमाणें आवळावे. पोलोच्या बोल्टास १२० न्यूटन-मीटर एवढा जोर लागतो. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाशीं सुमारें साडेचोवीस किलोग्रॅम वजन टांगल्यासारखा तो होय. हा जोर मापक पान्यानें मोजूनच द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर तो पुन्हां एकदां अवश्य तपासावा. एकाच आंसावरील दोन्ही चाकांस सारख्याच जाडीची चकती असावी.

चकतीची किंमत कोण देतो?

सर्व कांहीं यथासांग केलें तरी चाक बाहेर सरकल्याचे परिणाम चुकत नाहींत. उचलण्याची काठी टोकाकडे जितकी लांब, तितका तिच्या मुळाशीं ताण अधिक. त्याचप्रमाणें चाक जितकें बाहेर, तितका हबच्या बेअरिंगवर वांकविणारा ताण अधिक. पुढील चाकांच्या बाबतींत स्टिअरिंगचा स्वभावहि बदलतो. खड्ड्यांत व ब्रेक दाबतांना तें हातांत एका बाजूस ओढ घेऊं लागतें. ५ मिलिमीटरांत हा फरक किरकोळ असतो, २५ मिलिमीटरांत तो दुर्लक्ष करण्यासारखा राहत नाहीं.

यावरून चकती ही वस्तुच वाईट, असें कोणी समजूं नये. पोर्श या नामांकित जर्मन कंपनीनें आपल्या कांहीं गाड्यांस कारखान्यांतूनच अशा चकत्या देऊं केल्या आहेत. परंतु तेथें चकती, बोल्ट, चाक व बेअरिंग या सर्वांचा हिशेब एकाच ठिकाणीं झालेला असतो. जर्मनींत बाजारांतील चकती रस्त्यावर वापरावयाची तर तिला रीतसर मान्यता असावी लागते, किंवा बसविल्यावर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि याच अर्थाचा निर्णय दिला आहे. म्हणून पालकांनीं पैसे देण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी, व विमा कंपनीकडून या बदलास हरकत नाहीं असें लेखी घ्यावें. अपघातानंतर हा प्रश्न उपस्थित होणें फार महाग पडतें.

सर्वांत उत्तम चकती कोणती, असें कोणी विचारील तर उत्तर एकच आहे : जिची गरजच पडत नाहीं ती. वरील उदाहरणांत ७ इंची चाक ४५ ऐवजीं ४० ऑफसेटचें घेतलें असतें, तर ५ मिलिमीटरांच्या चकतीचें कारणच उरलें नसतें. चाकें विकत घेण्यापूर्वींच रुंदी, ऑफसेट, छिद्रांचें वर्तुळ व मध्यछिद्र हे चार आंकडे कागदावर लिहून दुकानांत नेले, तर पुढील पुष्कळ त्रास वांचतो. चाकें आधींच घेतलीं असतील व तीं घासत असतील, तर गणितानें निघेल तेवढ्याच जाडीची, हबवर नेमकी बसणारी, योग्य लांबीच्या बोल्टांसह चकती घ्यावी. आणि केवळ चाक मडगार्डाच्या कांठाशीं दिसावें एवढाच हेतु असेल, तर ती न घेणें हेंच शहाणपण होय.

सुंदर वस्तूची आवड असणें हा दोष नव्हे. तरुणांना ती असावयाचीच. परंतु सुटलेलें चाक आपल्या मालकाकडे परत जात नाहीं. तें रस्त्याच्या कडेनें शाळेस चाललेल्या मुलाच्या, किंवा भाजीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर जातें, ज्यांनीं ती शोभा कधीं मागितली नव्हती. ज्या दिवशीं आपल्या हातीं गाडीची किल्ली येईल, त्या दिवशीं विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट स्मरावी, आणि हौस पुरविण्यापूर्वीं पेन्सिल व मोजपट्टी हातीं घ्यावी.